खिळ्यांवरचा बर्फ

फळ्यांच्या भिंतीत ठोकलेल्या खिळ्यांच्या डोक्यांवर आतल्या बाजूने बर्फ धरायचा. लाकडापेक्षा लोखंडातून ऊब लवकर बाहेर जाते, त्यामुळे खोलीतली वाफ आधी खिळ्यावर गोठते. करंगळीच्या नखाएवढी पांढरी टोपी. वादळाआधी अशा टोप्या फक्त दाराजवळ असत. मग त्या खिडकीपर्यंत आल्या, तिथून कपड्यांच्या दांडीपर्यंत. आज सकाळी मामांच्या उशाजवळच्या खिळ्यावर एक होती.

बाईंनी ती खरवडली नाही. नुसती पाहिली, आणि शेगडीवरच्या पातेल्यात बर्फाचं आणखी एक ढेकूळ टाकलं.

बाई या हवामान केंद्राच्या प्रमुख. खिंडीपलीकडच्या या दोन खोल्यांत तिघंच राहत: त्या, यंत्रं दुरुस्त करणारा त्यांचा धाकटा दीर, आणि मामा. मामा स्वयंपाकी. ते इथल्या कुणाचेच मामा नव्हते, पण केंद्रावर आलेला माणूस पहिलं जेवण झालं की त्यांना मामा म्हणू लागे.

वादळाने बिनतारी यंत्राचा खांब पाडला. वारा शमल्यावर मामा धुराडं मोकळं करायला छपरावर चढले आणि घसरले. मांडीचं हाड मोडलं. दिराने पलंगाच्या फळ्या काढून पाय बांधला, आणि तेव्हापासून मामा शेगडीशेजारच्या खाटेवर पडून होते. खिंड ओलांडून खाली उतरलं, की रस्त्याचं काम करणाऱ्यांची छावणी होती. तिथून मदत आणता आली असती. पण वाट हिमनदीवरून, आणि बर्फाखाली भेगा. एकमेकांना दोराने बांधलेली दोन माणसं हवीत, एक गेला तर दुसऱ्याने धरायला. मामांना ओढत खिंड चढणं तर दोघांच्याही बापाच्याने झालं नसतं. म्हणजे दोघांनी जायचं आणि मामांना एकटं ठेवायचं.

निघू या, असं दीर मामांचा पाय बांधून होताच म्हणाला होता. बाई म्हणाल्या, हवेचा दाब स्थिर होऊ दे. मग म्हणाल्या, वाऱ्याची दिशा पाहू. मग पुन्हा दाब. एका नोंदीवरून निष्कर्ष काढायचा नाही, हे त्यांच्या अंगात मुरलेलं. नोंदीत खंड नको म्हणून भर वादळातही यंत्रांच्या खोलीतली शेगडी त्यांनी विझू दिली नव्हती, आणि त्यात बरंच तेल गेलं. आता तेलाच्या पिंपावर टिचक्या मारत गेलं, की आवाज पार बुडाशी आल्यावरच भरीव होई. तेल एकासाठी जळो की तिघांसाठी, खोली तापवायला तेवढंच लागतं. थांबल्याचा प्रत्येक दिवस मामांच्या वाटणीतून जात होता. हे गणित बाईंना केव्हाच सुटलं होतं. उत्तर तेवढं तोंडातून निघत नव्हतं.

केंद्रावर एक रीत होती. बाहेर जाणाऱ्याने आपले बूट आपण वाळवायचे नाहीत. आत राहणाऱ्याने ते शेगडीजवळ फिरवत वाळवायचे, मेण लावायचं, नाड्या ओवून ठेवायच्या. बाहेरचा माणूस थकलेला असतो, घाईत ओल्या बुटात पाय घालतो आणि बोटं गमावतो, म्हणून. खाटेवर पडल्यापासून मामा रोज हिमनदीवर घालायचे दोन्ही जोड तयार करत होते. झोपूनच, छातीवर बूट घेऊन. बाई ते उचलून फळीवर ठेवत. दुसऱ्या दिवशी मामा दिराकडून ते पुन्हा मागून घेत. हे भांडण असं मुकाट्याने चाललं होतं.

दुपारी बाई आणि दीर बाहेर पाण्यासाठी बर्फाचे तुकडे कापत होते. फावडं उचलायलाही आता जीवावर येत होतं. दिराने फावडं टेकलं आणि त्यावर हनुवटी ठेवली.

"वहिनी, तुम्ही हवेची वाट बघत नाही आहात."

"मग कशाची बघतेय?"

"मामांनी आपणहून जा म्हणावं, याची."

बाईंनी तुकडा बादलीत टाकला. तो नीट बसला नाही म्हणून काढून पुन्हा टाकला. हा मुलगा लग्नात त्यांच्या मागेमागे बिस्किटं मागत फिरला होता. आता त्याच्या डोळ्यांखाली काळं झालं होतं आणि तो खोटं बोलत नव्हता.

"बादल्या खाटेजवळ ठेवा, भाऊजी," त्या म्हणाल्या. "हात पुरेल अशा."

त्याने फावडं बर्फात रोवलं आणि भरलेली बादली उचलली.

आत मामा डाव्या बुटाला मेण चोळत होते. बाई खाटेच्या कडेला बसल्या. बसल्यावर कळलं की उठणं अवघड जाणार आहे.

"पाय मोडलाय, तोंड नाही," मामा म्हणाले. "बोला की."

बाईंनी शेगडीची वात पाहिली, उगाच. मग विचारलं, इतके दिवस तुम्ही एकदाही जा का म्हणाला नाहीत. मनात तर तेच होतं ना.

मामांनी बूट खाली ठेवला. "मी म्हटलं असतं, तर तुम्ही अर्ध्या वाटेत थांबला असतात. म्हातारा मनापासून म्हणाला की वरवर, याचा काथ्याकूट करत. आणि तिथे थांबलं की संपलं. तुमचं तुम्ही ठरवलंत, तर मागे बघणार नाही."

"आणि तुम्हाला काही झालं तर?"

"इतके दिवस तुमच्या हातचं खाऊन जगलोय. थंडी काय करणार?"

दिराला हसू आलं आणि ते अर्ध्यातच राहिलं. मामाही हसले नाहीत. त्यांनी उशाजवळच्या खिळ्याकडे पाहिलं आणि पांघरूण गळ्यापर्यंत ओढून घेतलं. भीती वाटते का, हे विचारण्यासारखं उरलं नव्हतं.

बाई उठल्या. यंत्रांच्या खोलीत जाऊन त्यांनी तिथली शेगडी विझवली, तिच्यातलं उरलेलं तेल डब्यात ओतलं आणि तो मामांच्या हाताशी आणून ठेवला. दाबाच्या काट्याकडे पाहिलं नाही. जादाची सगळी पांघरुणं टांगून खाट आणि शेगडी यांच्याभोवती आडोसा बांधला, म्हणजे तापवायची जागा निम्मी होईल. तेल कसं भरायचं, धुराड्याची झडप किती उघडी ठेवायची, हे मामांना पाठ होतं. तरी त्यांनी ते सगळं बाईंना सांगू दिलं. मध्ये एकदाही टोकलं नाही.

सांगण्यासारखं सगळं सांगून संपलं. उशाजवळच्या खिळ्यावरची टोपी तेवढीच होती, ना लहान, ना मोठी. बाईंनी खाटेवरचे बूट घेतले. आत हात घालून पाहिला. कोरडे होते, ऊबदार. या खेपेस ते फळीवर न ठेवता त्यांनी पायात घातले, नाड्या आवळल्या आणि त्या मामांसमोर उभ्या राहिल्या.

"मामा," त्या म्हणाल्या, "आम्ही पहाटे निघतोय. तुम्हाला इथे ठेवून."