ओलं फडकं

शेडमधल्या बादलीतलं ओलं फडकं बघताच थोरली जाऊ थबकली.

"अगं, यानं काय पुसलंस?"

"अंडी!" धाकटी जाऊ खुशीत म्हणाली. "कसली लख्ख झालीत बघा ताई. परदेशात जायची ना? डाग बरे दिसतात का?"

पाहुणे येणार म्हटलं की धाकटी कपाटामागची भिंतसुद्धा पुसायची. आज तिनं अंडी पुसली होती. कवचावर एक पातळ थर असतो, पाण्यानं तो निघून जातो आणि अंडं आतून नासायला लागतं. जवळच्या बाजारात चार दिवसांत खपणाऱ्या अंड्याचं एक वेळ चालून जातं, पण ही तीन आठवडे बोटीवर राहणार होती. फक्त कोरडा ब्रश फिरवायचा, हे थोरलीनं तिला कामाच्या पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. धाकटीनं मान डोलावली होती. मान डोलवायला ती घरीही पटाईत होती.

"कुठले ट्रे पुसलेस?"

"आता कसं सांगू? सगळ्यांत मिसळले."

बाहेर कंटेनर अर्धाअधिक भरला होता. देशात अंडी उदंड झाली होती, भाव कोसळला होता, शेजारच्या दोन शेडना टाळं लागलं होतं. ही पहिली खेप परदेशातल्या व्यापाऱ्याला पसंत पडली तरच आपली शेड तगेल, असं मालकांनी सगळ्यांना बजावलं होतं.

धाकटीनं थोरलीचं मनगट घट्ट धरलं. "ताई, सुकल्यावर कुणाला कळतंय? यांचं काम सुटलंय. माझंही गेलं तर आम्ही काय करायचं?"

"इथं नाही कळणार. तिकडे कंटेनर उघडला की वासच सांगेल. मग तुझं एकटीचं नाही, सगळ्यांचंच जाईल."

तिनं हात सोडवून घेतला आणि तडक मालकांपुढे जाऊन उभी राहिली.

"मालक, भरणं थांबवा. अंड्यांना पाणी लागलंय."

मालकांचा चेहरा उतरला. "उद्या बोट आहे! कुणी केला हा शहाणपणा?"

शेडमधले सगळे हात थांबले. धाकटीनं बोलावं, असं थोरलीला फार फार वाटलं. निदान 'चुकलं' एवढं तरी. धाकटी मान खाली घालून उभी होती.

"मी," थोरली म्हणाली.

"तुम्ही? अहो, तुम्हीच तर सगळ्यांना शिकवता!" मालकांना ते खरं वाटेना. पण एवढ्या लोकांसमोर राग कुणावर तरी निघायलाच हवा होता. "उद्यापासून येऊ नका."

ट्रे खाली उतरू लागले. मालक फोनवर व्यापाऱ्याकडे पुढच्या बोटीपर्यंतची मुदत मागत होते. थोरलीनं एप्रन काढून खुंटीला अडकवला. तिला धाकटीचा राग आला होता, पण त्याहून जास्त वाईट वाटत होतं.

धाकटी दारापर्यंत धावत आली. "ताई, मी सांगते त्यांना. आत्ता जाऊन सांगते."

थोरलीनं वाट पाहिली. धाकटी जागची हलली नाही.

"जा, ट्रे उतरवायला हात लाव," थोरली म्हणाली. "आणि उद्या डबा एकच भर."