पायवाला मिस्त्री

सकाळपासून तिने गोंदाचा डबा तीनदा आपटला, तरी नवऱ्याने मान वळवली नाही. पालथ्या घड्यावर पाणी! लग्नाला बावीस वर्षं झाली, त्यातली सोळा ही दोघं लोकांच्या परसात खेळाची कोर्टं घालत हिंडत होती. जमीन खणून, खडी दाबून तळ करायचा तो त्याने. वर नकली गवताच्या पट्ट्या अंथरून त्यांचे जोड चिकटवायचे ते तिने. धंद्यात त्याला सगळे 'पायवाला मिस्त्री' म्हणत. गवत घालण्याआधी तो चपला काढून, डोळे मिटून अख्ख्या तळावरून चालत असे. टाचेखाली जरा भुसभुशीत लागलं की थांबायचा आणि म्हणायचा, "इथे दाबा." दोरी, पट्टी, पाणसळ सगळं होतं त्याच्याकडे, पण शेवटचा शब्द पायांचा.

हे घर एका मास्तरणीचं. तिच्या मुलीच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं. डॉक्टरांनी बजावलं होतं, खेळायचं तर सपाट जमिनीवर. पाय पुन्हा मुरगळला तर टेनिस कायमचं विसरा. म्हणून मास्तरणीने परसातलं झाड काढून तिथे छोटं कोर्ट घालायला घेतलं. मुलगी सतरा वर्षांची, रोज पायरीवर बसून काम बघायची. रॅकेटच्या मुठीवरची पट्टी सोडायची, पुन्हा गुंडाळायची, पुन्हा सोडायची.

आज नवरा चालला. डोळे मिटून, या टोकापासून त्या टोकापर्यंत. मग म्हणाला, "चोख. घाला गवत."

बायकोच्या अंगाचा तिळपापड झाला. कारण काढलेल्या झाडाच्या कोपऱ्यात ती गवताची गुंडाळी ठेवायला गेली, तेव्हा तिची टाच तिथे बोटभर खाली गेली होती. झाडाचा खड्डा भरायचा तर चार-चार बोटांचा थर टाकायचा आणि प्रत्येक थर ठोकून घट्ट बसवायचा. ह्या गृहस्थाने माती एकदम लोटून वरून दाबायचं मशीन फिरवलं होतं.

"अहो, कोपरा पोकळ आहे."

"मी आत्ता चाललो ना त्यावरून?"

"चाललात. तरी पोकळ आहे."

"तू तुझे जोड बघ. तळाचं मला शिकवू नकोस."

मास्तरीण दारात उभी होती. ती समजुतीने म्हणाली, "वहिनी, अहो मी यांच्या पायांची कीर्ती ऐकूनच तर काम दिलं."

"ऐकलंस?" नवऱ्याने छाती फुगवली आणि पाठ फिरवली.

तेव्हा तिला त्याची टाच दिसली. मघाशी खडी ओढताना लागलं असणार, चांगली अर्धं बोट चिरली होती. खडीच्या पांढऱ्या चुऱ्यावर रक्ताचे ठिपके कोपऱ्यापर्यंत गेले होते आणि हा बाबा तोऱ्यात चालत होता, लंगडणं नाही की 'आई गं' नाही. तिच्या डोक्यात चक्क प्रकाश पडला. एका पायातली चप्पल मागे राहिली तरी पुढे जायचा. परवा कढत पाण्यात पाय बुडवून खुशाल बसला होता. ती त्याला विसराळू म्हणत होती. खुळी कुठली! विसराळू कसला, लबाड!

"डबा उघड," तो म्हणाला. "ऊन चढायच्या आत जोड लागले पाहिजेत."

"नाही उघडणार." एकदा गोंद लागला की कोपरा दुरुस्त करायला गवत फाडावं लागतं, आणि ते कोण फाडतंय? पोरगी पडल्यावरच.

"मग मी लावतो."

तिने डब्यावर पाय ठेवला. "आधी डोळे मिटा."

"हा काय पोरखेळ..."

"मिटा म्हणते ना!"

तिचा आवाज ऐकून शेजारच्या खिडकीत दोन डोकी उगवली. नवऱ्याने डोळे मिटले. तिने त्याचा दंड धरून त्याला दोन पावलं चालवलं आणि मशीनच्या लोखंडी पान्यावर उभं केलं.

"पायाखाली काय आहे?"

"काय असणार? तळ. चोख."

पायरीवरच्या मुलीचे हात थांबले. मास्तरणीने तोंडावर पदर धरला.

"बघा खाली."

त्याने बघितलं. मग खडीच्या ढिगावर बसला.

ती जिंकली होती, आणि तिचा राग तसूभर उतरला नाही. उलट दुप्पट झाला.

"कधीपासून?"

"वर्ष झालं असेल. डॉक्टर म्हणाला, साखर वाढलीय, पायांची जाणीव गेलीय." तो जमिनीकडे बघत बोलला. "सांगितलं असतं तर काम कोणी दिलं असतं गं? पायवाला मिस्त्री, आणि पायच गेले."

"जळली मेली ती कीर्ती! ह्या पोरीचा गुडघा गेला असता तर?"

मुलगी उठून जवळ आली. "काका, तुम्हाला माहीत होतं?" एवढंच विचारलं तिने.

वर्षभरात अकरा कोर्टं झाली होती. जुळ्या मुलांचं, फाटकासमोरच्या डॉक्टरीणबाईंचं, त्या रांगत्या पोराच्या घरचं. बायकोला एकेक आठवत गेलं. तळ सगळे ह्याचे, पण वरचे जोड तिने स्वतः चिकटवले होते, मन लावून, कधी सुटू नयेत असे.

तिने आपल्या चपला काढल्या. डोळे मिटले नाहीत. असली सोंगं तिला जमत नव्हती. पाऊल पाऊल दाबत ती चालली. कोपऱ्यात टाच दबली, तिथे खडूने फुली मारली. भिंतीकडे आणखी दोन जागा निघाल्या.

"हे नीट करायचं," ती परत येऊन म्हणाली. "मग जुळ्यांच्या घरी जायचं, मग उरलेल्या दहा ठिकाणी. गवत मी फाडीन, खणायचं तुम्ही, चालायचं मी. आणि संध्याकाळी डॉक्टर."

"लोक काय म्हणतील?"

"शिव्या घालतील. दोघांनी खायच्या."

मास्तरीण आतून पट्टी घेऊन आली. बायकोने ती त्याच्या टाचेला करकचून बांधली, रागारागाने, आणि पिशवीतले त्याचे बूट काढून त्याच्यासमोर आपटले. त्याने ते घातले, फावडं उचललं आणि सोळा वर्षांत पहिल्यांदा तिला विचारलं, "कुठून खणू?"