मणियाराची साक्ष

खर्ड्याच्या बाबाजान मणियाराला जामखेडच्या कोर्टाचं समन्स आलं, तेव्हा त्यानं ते आधी बायकोच्या हातात दिलं अन् म्हणाला, "हे परत धाडता येतंय का बघ." जसा काही पेठेतनं आलेला खराब मालच.

मुबारकबीला तरी कुठं वाचता येत हुतं! तिनं कागद उलटा धरला, सुलटा धरला. "न्हाई जायचं परत. शिक्का हाय ह्याच्यावर."

समन्स कशाचं ते दोघांनाबी ठावं हुतं. चांगुणाच्या कज्ज्याचं.

चांगुणा म्हणजे सहादेवाची बायको. दोन लेकरांची आई. काकासाहेबाच्या मळ्यात रोजानं खुरपायला जायची. एका दुपारी काकासाहेबानं विहिरीपाशी तिचा उजवा हात धरला अन् खोपीकडं ओढायला लागला. ती वरडली, चावली, सुटली. चार हिरव्या बांगड्यांचा चुरा तिथंच पडला. सहादेव अंगानं काडी, पण काळजाचा घट्ट. बायकोला घेऊन तडक जामखेड गाठलं अन् फिर्याद ठोकली. पोलिसांनी पंचनामा केला, काचेचे तुकडे पुडीत बांधले. आता ते तुकडे चांगुणाच्याच बांगड्यांचे, हे सांगायला त्या भरणारा पाहिजे. तो बाबाजान.

बाबाजानला भ्या हुतं. काकासाहेबाच्या घरात सात बायामाणसं, सातीजणी त्याच्याकडनं भरायच्या. त्यात लढाईनं जपानी माल बंद, चांगली काच मिळंना. पण खरं भ्या वेगळंच. मणियाराचा धंदा सगळा इज्जतीवर चालतो. तीस वर्सं तो परक्या लेकीसुनांचे हात त्यांच्या नवऱ्यांदेखत हातात घेत आला, कुणी भुवई उचलली न्हाई. कोर्टात एखाद्यानं त्याच धंद्यावर चिखल उडवला म्हणजे?

समन्स आल्यावर तो सहादेवाच्या घरी गेला. चांगुणानं पाण्याचा तांब्या आणला तो डाव्या हातानं. उजवा पदराखाली.

"दुखतोय का गं अजून?" बाबाजाननं विचारलं.

उत्तर सासूनं दिलं, लंकाबाईनं. "दुखत न्हाई, मोकळा हाय. मीच भरू दिला न्हाई. गाव म्हनतंय, हात दिल्याबिगर कोन धरतंय का? कोर्टात खरी ठरली तर भरीन. न्हाई ठरली तर तिनं माहेरची वाट धरायची."

"आये!" सहादेव कळवळला.

"तू गप. तुला काय, तू रानात. पानवठ्यावर मला उभं ऱ्हावं लागतंय."

म्हातारी वाईट न्हवती. लोकांना भ्यालेली हुती, एवढंच. पण सवाशिणीचा हात मोकळा ठेवलाय हे ऐकून बाबाजान तांब्या तसाच ठेवून उठला. घरी येऊन त्यानं सगळं मुबारकबीला सांगितलं.

ती भाकरी थापत हुती. वर न बघता म्हणाली, "तिचं घर जातंय अन् तुमाला गिऱ्हाइकाची पडलीय. डरताय कायको? जाव, अन् पगडी नीट बांधा."

कोर्ट म्हणजे मामलेदार कचेरीचाच एक हॉल. साहेब वर खुर्चीवर. काकासाहेब इस्तरीचं धोतर नेसून बाकावर, तोंड असं की लग्नालाच आलाय. चांगुणा भिंतीशी उभी, शेजारी सहादेव, अन् दाराच्या उंबऱ्यापाशी लंकाबाई बसलेली.

शपथ झाली. पुडी सोडली. बाबाजाननं तुकडे तळहातावर घेतले अन् उजेडाला धरले.

"माझाच माल, सायेब. हिच्या हाताचं माप सव्वादोन. नागपंचमीला भरल्या हुत्या."

"फुटल्या कशानं असतील?" साहेबांनी विचारलं.

फुटल्या म्हटल्यावर उंबऱ्यावरनं म्हातारी चुकचुकली. सवाशिणीची बांगडी फुटली असं कुणी बोलत न्हाई, वाढली म्हणतात.

"वाढल्या, सायेब," बाबाजान हळूच म्हणाला. "धुणं धुताना दगडावर बसली तर दोन-तीन लांब तुकडे हुत्यात. हे बघा, नखाएवढाले. मनगटासकट मुठीत आवळल्याबिगर असा चुरा हुत न्हाई."

इथवर बरं चाललं हुतं. मग काकासाहेबाचा वकील उठला. नगरहून आलेला, काळा कोट, आवाज तुपातला.

"तुझा धंदा काय रे?"

"बांगड्या भरतो."

"म्हणजे परक्या बायकांचे हात धरतोस."

"व्हय."

"दाबतोस?"

"दाबल्याबिगर बांगडी चढत न्हाई."

"त्यांना दुखतं?"

"कवाकवा. एखादी रडतीबी."

वकील साहेबांकडं वळला. "कलम तीनशे चोपन्न काय म्हणतं? बाईवर बळ वापरलं पाहिजे, तिच्या मर्जीविरुद्ध वापरलं पाहिजे, आणि तिची अब्रू घ्यायच्या हेतूनं वापरलं पाहिजे. हात धरणं, दाबणं, रडणं, बांगडी फुटणं, हे सगळं हा मणियार दिवसातून वीस वेळा करतो. याला रोज वीसदा तुरुंगात घालायचं का?"

सगळा हॉल हसला. काकासाहेब तर मांडीवर थाप मारून हसला.

बाबाजानचे कान तापले. तीस वर्सांत त्याला आपल्या हातांची लाज वाटली न्हवती, ती त्या घडीला वाटली. हात आपसूक पाठीमागं गेले. अन् तेवढ्यात त्याला भिंतीशी चांगुणा दिसली. तिनंबी हात पदराखाली आणखी आत वढून घेतला हुता. ते बघून म्हाताऱ्यानं आपले हात पुन्हा पुढं घेतले.

"वकीलसायेब," तो म्हणाला, "जरा हात द्या."

"काय?"

"तुमचा हात द्या हिकडं. बांगडी न्हाई भरत, भिऊ नका."

पुन्हा हसणं उठलं, पण आता वकिलावर. वकिलानं हात झटक्यानं कोटाच्या खिशात घातला. बाबाजान आपला तळवा पुढं करून उभाच.

"बघा सायेब. मी मागितला, त्यांनी दिला न्हाई. माझं काम हितंच थांबलं. आमच्या धंद्यात बाई आदी बसती, रंग निवडती, बापाचं, भावाचं चार शब्द बोलती, मग आपल्या मनानं हात म्होरं करती. तवर मणियाराचा हात आपल्या मांडीवर. बांगडी भरायला शिकवायच्या आदी माझ्या बापानं ह्ये शिकवलं मला."

"आणि त्या दिवशी या बाईनं हात आधी आपणहून दिला नसेल कशावरून?" वकील तापला.

हाच सवाल गावातल्या प्रत्येक पारावर चघळला गेला हुता.

"दिला असता तरीबी," तो म्हणाला. "तिनं मागं वढला की सोडायचा. अर्धी बांगडी चढली असली तरी सोडायचा. बांगडी वाढली तर आपली वाढली. मनगट तिचं हाय."

हॉलमध्ये कुणी हसलं न्हाई.

साहेबांनी चष्मा काढला, पुसला, घातला. "साक्षीदारानं वकिलाला हात मागायचा नसतो, समजलं का?"

"चुकलं, सायेब."

मग साहेब कारकुनाला म्हणाले, "लिहिलंत सगळं? अर्धी बांगडी चढली असली तरी, तेसुद्धा घ्या."

निकालाला आठ दिवसांची तारीख पडली. माणसं उठली. बाबाजान बाहेर व्हरांड्यात आला. तो आपल्या गाठोड्यापाशी खाली बसला. साक्ष झाली की परस्पर बाजार करावा म्हणून माल संगं आणला हुता.

समोर लंकाबाई येऊन उभी राहिली. मागं सून.

"मनियार, सोडा गठुडं."

"निकाल लागू दे की, लंकाबाई. आठ दिवस हायेत."

"सायेबाचा लागंल तवा लागंल," म्हातारी खेकसली. डोळे मात्र भरलेले. "मी काय कानात बोळे घालून बसले हुते? हिरव्या काढा. सव्वादोनच्या."

बाबाजाननं माळ सोडली. चांगुणा खाली बसली. पदराखालनं हात हळूहळू बाहेर आला अन् अर्ध्यात थांबला. बाबाजानचा तळवा आपल्या मांडीवरच हुता. तो तसाच ठेवून तो म्हणाला, "घाई न्हाई, पोरी. पुढल्या बाजाराला ये. न्हाईतर तुझी चाची घरला येऊन भरील."

चांगुणानं खाली मान घातली. "चाचा, तुमचा राग न्हाई. पर... कुन्या बाप्याच्या हातात हात द्यायला अजून नगं वाटतंय."

"मग नगं. त्येला काय!"

लंकाबाई दोघांकडं बघत हुती. तिनं माळेतनं चार बांगड्या वढून घेतल्या, लुगडं आवरून सुनेसमोर फतकल मारली.

"मी भरते."

"तुला येतंय का आये?" मागनं सहादेव.

"जलमभर भरून घेतल्यात, येना व्हय!"

कुठलं येतंय! पहिलीच बांगडी अंगठ्यापाशी अडकली अन् कट्‌दिशी वाढली. बाबाजानची बोटं शिवशिवली. अंगठ्याचा सांधा असा दाबायचा, असा वळवायचा, सगळं जिभेवर आलं. त्यानं तोंड फिरवून कचेरीपुढच्या लिंबाकडं बघितलं अन् न बघताच दुसरी बांगडी मागं सरकवली.

"दुखतंय का गं?" म्हातारी विचारत हुती.

"वाईच."

"थांबू?"

चांगुणानं सासूच्या तोंडाकडं बघितलं. लई दिसांनी बघितलं.

"नगा थांबू, आत्याबाई. भरा."