डावीकडची तारीख

“पिंकहॅमच्या वाचनात चूक निघाली तर आधी कागद तपासू नकोस, आधी माणूस तपास,” असं आधीची संपादक मार्गो व्हिटेकर निवृत्त होताना लॉरेलला बजावून गेली होती. लॉरेल हसली होती. निरोपाच्या दिवशी माणसं जरा हळवी होतात, त्यातलंच हे, असं मनाशी ठरवून तिने केकचा दुसरा तुकडा घेतला होता. पोटात बाळ होतं, भूक दोघांची होती.

संपादकाची खुर्ची आता लॉरेलची होती, आणि समोर ओबडाया थर्लो यांच्या रोजनिश्या. अडीचशे वर्षांपूर्वीचे हे अमेरिकेतल्या कनेटिकटचे पुढारी. फिलाडेल्फियाला वसाहतींच्या काँग्रेसमध्ये बसले, इंग्लंडच्या राजाविरुद्ध भांडले, सह्या केल्या. पण रोज संध्याकाळी रोजनिशीत लिहिलं ते हवेबद्दल, घोडीबद्दल आणि दुखऱ्या दाढेबद्दल. त्या रोजनिश्या आणि बायकोला धाडलेली पत्रं छापायचं काम कॉलेजच्या ग्रंथालयात वर्षानुवर्षं चाललं होतं. छापण्याआधी प्रत्येक पान दोघांनी मिळून वाचायचं अशी तिथली रीत. एकाने मूळ हस्ताक्षराच्या छायाप्रतीवरून मोठ्याने, स्वल्पविरामासकट वाचायचं. दुसऱ्याने टाइप केलेल्या मजकुरावर बोट ठेवून ऐकायचं.

मोठ्याने वाचायचे ते वॉल्डो पिंकहॅम. जुन्या सामानाचे लिलाव पुकारण्यात त्यांचा जन्म गेलेला. आवाज असा की फोन कानापासून हातभर लांब धरावा. बायको गेल्यापासून ते टेकडीपलीकडच्या गावात एकटेच राहायचे आणि रोज सकाळी हौसेने, फुकट, फोनवरून थर्लो वाचायचे.

त्या सकाळी लॉरेल घरूनच काम करत होती. तेव्हा पोटात असलेली फीबी आता जमिनीवर पालथी पडून टेबलाच्या पायाशी बोलत होती.

“मिस्टर पिंकहॅम, तयार?”

“कधीचा. फक्त माझा कॉफीचा मग कुणीतरी पळवलाय. भरला, ठेवला आणि गायब.”

“डीकनने घेतला असेल.”

“माझा कुत्रा कॉफीला तोंड लावत नाही, पोरी. तो चहावाला आहे. इंग्रजांच्या बाजूचा.”

मग त्यांनी वाचायला घेतलं. “नंतर ऊन, पूर्णविराम. गवताबद्दल लिहिले, पूर्णविराम. दुपारपर्यंत वाद, पूर्णविराम.”

लॉरेलचं बोट थांबलं. तिच्यासमोरच्या मजकुरात होतं: सकाळी धुके, नंतर ऊन. घोडीला नाल ठोकले. घरी गवताबद्दल लिहिले. काँग्रेस भरली, दुपारपर्यंत वाद.

“बघ, हा गृहस्थ दिवसेंदिवस कमी बोलायला लागलाय,” पिंकहॅम खूश होऊन म्हणाले. “काँग्रेसमध्ये हे अजून कुणाला जमलेलं नाही.”

छायाप्रतीची कड कापली गेली असणार. जुन्या कागदांचं असंच असतं; ‘कड फाटलेली’ अशी खूण टिपायला तिने पेन्सिलही उचलली. काळजीच्या बाबतीत तिने स्वतःला धाकात ठेवलं होतं. “तू फीबीचे श्वास मोजतेस,” तिचा नवरा कॅल परवाच म्हणाला होता, “आता शेजाऱ्यांचेही मोजायला जा.” तेव्हापासून उगीच घाबरायचं नाही, असं तिचं ठरलं होतं.

पण मार्गोने सांगितलं होतं, आधी माणूस.

तिने पेन्सिल ठेवली. संगणकाच्या पडद्यावर मूळ पान उघडलं. कडा शाबूत होत्या, आणि डाव्या समासात थर्लोंनी ठसठशीत तारीख घातली होती. ताप चढलेल्या दिवशीसुद्धा या माणसाने तारीख सोडली नव्हती.

“मिस्टर पिंकहॅम, या पानावर तारीख काय आहे हो?”

“घातलेलीच नाही.”

“बरं. तुमचा डावा हात कुठे आहे?”

“असेल की जागेवर. जाईल कुठे?”

“जरा वर करून दाखवा.”

“फोनवर काय दाखवू तुला? हं, केला.”

पलीकडे काहीतरी खळ्ळकन फुटलं.

“घे,” पिंकहॅम म्हणाले, “माझा मग सापडला.”

लॉरेलच्या रोजच्या काळजीत असतं ते ‘जर’ आणि ‘तर’ या वेळी कुठेच नव्हतं. तिने फीबीला काखेत घेतलं आणि दुसऱ्या फोनवरून ॲम्ब्युलन्सला पिंकहॅमांचा पत्ता दिला.

“बोलता येतंय का त्यांना?” तिकडच्या बाईने विचारलं.

“अस्खलित. पण कागदाची डावी बाजू त्यांना दिसत नाही, टेबलाची डावी बाजू दिसत नाही, आणि दिसत नाही हेही कळत नाही. हात आपटून कॉफीचा मग फुटला, तेव्हा कळलं की तो तिथे आहे.”

“चष्मा वगैरे—”

“चष्म्याने ओळींचा नेमका डावा अर्धा भाग जात नाही. मेंदूत काहीतरी झालंय. गाडी पाठवा, मी चुकले तर खुशाल नावं ठेवा.”

“कुणाला गाडी पाठवतेयस?” पिंकहॅम गरजले. “मी ठणठणीत आहे. उभा राहून दाखवू?”

“अजिबात उठायचं नाही. पुढचं पत्र वाचा.”

“हुकूम करतेस मला?”

“संपादक आहे मी. वाचा.”

ते वाचू लागले. थर्लोंनी बायकोला लिहिलेलं पत्र होतं. “फार आठवण येते, पूर्णविराम. मुलांना जप, पूर्णविराम. उत्तर लवकर धाड.” प्रत्येक अर्ध्या ओळीनंतर लॉरेल शांतपणे “पुढे” म्हणत राहिली, काहीच चुकत नसल्यासारखी. पत्र संपलं तसं तिने तेच पुन्हा वाचायला लावलं. अखेर डीकन भुंकला, आणि अनोळखी आवाज आला, “मिस्टर पिंकहॅम, आम्ही आत येतोय.”

मेंदूतली रक्ताची गाठ वेळेत विरघळवता आली. वसंतात पिंकहॅम पुन्हा वाचू लागले. आता प्रत्येक पानाच्या डाव्या कडेला लाल पट्टी चिकटवलेली असते. ती दिसेपर्यंत मान वळवायची आणि मगच ओळ सुरू करायची. आधी तारीख वाचतात, तीही लिलाव पुकारल्यासारखी.

खंड छापायला गेला तेव्हा प्रस्तावनेत, जोडीने वाचायची रीत सांगून झाल्यावर, लॉरेलने तीन वाक्यं घातली. विद्वानांच्या पुस्तकात हे शोभत नाही, असं ग्रंथालयाच्या मंडळाचं म्हणणं पडलं. तिने ती काढली नाहीत. ती अशी: “तुमच्या ओळखीचं कुणी एकटं राहत असेल आणि रोज ‘मी ठणठणीत आहे’ म्हणत असेल, तर हे पान उलटण्याआधी त्यांना फोन करा. तब्येत विचारू नका. आजच्या वर्तमानपत्रातल्या चार ओळी मोठ्याने वाचायला सांगा, आणि तेच वर्तमानपत्र तुमच्याही समोर असू द्या.”