जुना झालेला लाल

भट्टीतून काढलेल्या ॲक्रिलिकच्या पट्टीवर घामोळं उठावं तसे बुडबुडे आले होते. सुंदराने ती हातमोजा घालून उचलली, उजेडात धरली आणि भंगाराच्या डब्यात टाकली.

"शीट ओली होती," ती स्वतःशीच म्हणाली.

उधन्याच्या एका कारखान्यात ती एकवीस वर्षं ॲक्रिलिकच्या ट्रॉफ्या बनवत होती. क्रिकेटच्या, गरब्याच्या, शाळांच्या. पण या आठवड्यात तिच्यासमोर वेगळंच काम आलं होतं. नानपुऱ्यातल्या पारशी फ्रेनीबाईंकडे त्यांच्या वडिलांच्या हॉटेलातला ज्यूकबॉक्स होता. बटण दाबलं की स्वतःच तबकडी उचलून वाजवणारं, कपाटाएवढं यंत्र. घराला रंग देताना हमालांच्या हातून तो आडवा झाला आणि दर्शनी भागातल्या दोन वळणदार प्लास्टिकच्या खांबांपैकी उजव्याचे तुकडे झाले. आत दिवा लागला की हे खांब उजळत.

"परदेशथी पार्ट आवतां बे महिना लागशे, सुंदराबेन," फ्रेनीबाई म्हणाल्या होत्या. "अने नातीनी नवजोत तो रविवारे छे. मारे ए दिवसे गाणुं जोईए." नातीच्या धर्मदीक्षेच्या सोहळ्याला ज्यूकबॉक्स वाजायलाच हवा होता, सुट्या भागासाठी दोन महिने थांबणं शक्य नव्हतं.

सुंदराने दुसरी पट्टी सकाळभर मंद आचेवर वाळवली, मग तापवून लाकडी साच्यावर दाबली. वळण झकास आलं. आतून पिवळा रंग मारून ती नानपुऱ्याला गेली. पट्टी बसवली, दिवा लावला. डावा खांब मधासारखा झळकला आणि उजवा खोकल्याच्या औषधाच्या बाटलीसारखा.

फ्रेनीबाई पोट धरून हसल्या. "आ तो दवाखानो लागे छे!"

सुंदराही हसली, पण परतताना तिने फुटलेल्या खांबाचा एक तुकडा पिशवीत टाकला.

लिंबायतच्या घरी तिचा नवरा पंडित उंबऱ्यात बसला होता. सचिन भागातल्या, कापड रंगवणाऱ्या एका डाइंग मिलमध्ये त्याने अठ्ठावीस वर्षं रंगखोलीत काढली होती. साहेबांनी नमुन्याची चिंधी दाखवावी आणि पंडितने डोळ्यांनीच रंगाची वजनं सांगावीत. आठ महिन्यांपूर्वी रंग जुळवणारं मशीन आलं आणि त्याला घरी बसवलं. तेव्हापासून तो भाजीत मीठ जास्त झालं तरी बोलत नसे.

सुंदराने तुकडा त्याच्या मांडीवर ठेवला. "असा पिवळा पाहिजे. मन्हा हातनं जमत नई."

पंडितने तो उन्हाकडे धरला. उलटा केला. पुन्हा धरला. "हाऊ पिवळा नई शे," तो म्हणाला. "लाल शे. जुना व्हयी ग्या."

"मंग आते?"

"साडी रंगावतस तसं करानं."

पॉलिएस्टरचा रंग उकळत्या पाण्यात प्लास्टिकलाही धरतो, हे त्याला ठाऊक होतं. रंगखोलीतला त्याचा पाणी प्यायचा प्लास्टिकचा पांढरा मग वर्षभरात विटकरी झाला होता.

दुसऱ्या दिवशी पंडितने दाढी केली, इस्त्रीचा शर्ट घातला आणि आठ महिन्यांत पहिल्यांदाच सचिनची बस पकडली. मिलच्या फाटकावर त्याला थांबवलं, म्हणून त्याने आत निरोप धाडला. आतून त्याचा जुना जोडीदार लखन रंगाच्या तीन पुड्या घेऊन धावत आला.

"नवी नोकरी लागनी का?"

"काम लागनं," पंडित म्हणाला.

घरी त्याने अंगणात चूल मांडली आणि आंघोळीचं पातेलं वर चढवलं.

"मन्हं पातेलं खराब व्हई," सुंदरा म्हणाली.

"व्हऊ दे."

चार सपाट पट्ट्या रंगाच्या उकळत्या पाण्यात गेल्या. एकेक काढायची, पुसायची, उन्हात तुकड्याशेजारी धरायची. शेजारच्या उषाबाई चहा घेऊन बघायला आल्या तर त्यांनाही चिमटा धरायला लावला. गेल्या आठ महिन्यांत पंडित एवढा बोलला नव्हता. पाणी जास्त उकळलं म्हणून तो सुंदरावर चक्क खेकसला आणि तिला ते फार बरं वाटलं.

शेवटी त्याने सगळ्यांत गडद पट्टी निवडली.

"इतली गडद?"

"तुन्ही भट्टी थोडा रंग खाई."

कारखान्यात सुंदराने ती पट्टी तापवून वळवली तेव्हा भट्टीने रंग खाल्ला, आणि नेमका तेवढाच खाल्ला.

रविवारी सकाळी, पाहुणे यायच्या आधी, दोघं नानपुऱ्याला गेली. सुंदराने पट्टी बसवली, स्क्रू आवळले. फ्रेनीबाईंनी दिवा लावला. त्या एका खांबाकडून दुसऱ्याकडे वाकल्या, चष्मा काढून पुन्हा वाकल्या.

"नवो कयो?" यातला नवा कोणता, हे त्यांना ओळखू येईना.

सुंदराने नवऱ्याकडे पाहिलं. फ्रेनीबाईंनी बटण दाबलं. आतला हात हळूच उठला, तबकडी उचलली, खरखर झाली आणि गाणं सुरू झालं. फ्रेनीबाई मान डोलावत आतल्यांना हाका मारायला गेल्या.

पंडित पुढे झाला. त्याने डावा तळवा डाव्या खांबापुढे धरला, उजवा उजव्यापुढे. दोन्ही तळव्यांवर सारखाच उजेड पडला होता. एकदा इकडे, एकदा तिकडे तो पाहत राहिला. गाणं संपलं तरी त्याने हात खाली घेतले नव्हते.