ग्राहकाची टोपी घालणारा गुरू

तेमिरलानने लोकरीच्या नमद्याची पांढरी टोपी डोक्यावर चढवली, डोळे मिटले आणि अख्खं सभागृह श्वास रोखून बसलं. टोपी त्याची नव्हती. आमच्या एका ग्राहकाची होती, घामाच्या डागांसकट मागून आणलेली. भिंतीवर रंगीत चिठ्ठ्या पताकांसारख्या फडफडत होत्या आणि घर तापवणाऱ्या कोळशाच्या शेगड्यांच्या आमच्या कारखान्याचे झाडून सगळे साहेब माना उंचावून बघत होते.

"बोलतंय... ग्राहकाचं मन बोलतंय," तेमिरलान पुटपुटला. "म्हणतंय, शेगडी गरम आहे. स्वच्छ आहे. आम्ही समाधानी आहोत."

संध्याकाळी नव्या शेगडीच्या चाचणीला गेलेली मंडळी घराघरांतून परतली. प्रत्येक घराचं उत्तर तेच. गरम, स्वच्छ, समाधानी! टाळ्यांचा कडकडाट झाला. हिशेब विभागाच्या साहेबांनी तर चक्क डोळे पुसले.

मी या कारखान्याची विक्रीप्रमुख, जिर्गल. माल खपवणं हे माझं काम असल्यामुळे माल कसा खपवतात हे मला बऱ्यापैकी कळतं, आणि हा मनुष्य मला पहिल्या दिवसापासून ओळखीचा वाटत होता. कॅलिफोर्नियाला जाऊन आल्यापासून तो पांढरे बूट घालायचा आणि 'मानवकेंद्री विचार' शिकवायचा. "चौकटीबाहेर पडा!" म्हणत त्याने खडूने चौकट आखली आणि आमच्या पोट सुटलेल्या साहेबांना तिच्यातून उड्या मारायला लावल्या. "लवकर चुका, वारंवार चुका!" असंही तो सांगायचा. त्या बाबतीत आमच्या साहेबांना शिकवणीची गरज नव्हती.

मागच्या समाधीत त्याला ऐकू आलं होतं की ग्राहक जाडजूड धुराड्यांना कंटाळलेत, त्यांना नाजूक, सुंदर शेगडी हवी आहे. झालं! आमचे संचालक मेदेरबेक, ज्यांना सगळे आदराने 'बाइके' म्हणजे दादा म्हणतात, यांनी बारीक धुराड्याची शेगडी काढली. तिच्याच चाचणीवर हा चमत्कार झाला होता आणि आमच्या तोकमोक शहरात थंडी पडायच्या आत घरोघर ती पोचवायची तयारी चालू होती.

दुसऱ्या दिवशी सकाळीच माझी शाळेपासूनची मैत्रीण, डॉक्टर बुरुल, दवाखान्यातून तरातरा माझ्याकडे आली.

"तुमची ती नटवी शेगडी काय भानगड आहे गं?"

"का? लोक खूश आहेत."

"खूश? तुमच्या चाचणीतल्या एका घरातली गुलझात नावाची सून पोराला घेऊन आलीय. पोरगं सकाळी उठवलं तर उठत नाही, उठलं की ओकतं. घरात सगळ्यांची डोकी ठणकताहेत. कोळशाचा विषारी वायू आहे तो, जिर्गल. धुराडं बारीक, जाणार कुठून? त्यांची शेगडी मी विझवून आले. बाकीच्या घरांचं काय?"

"मेदेरबेक बाइकेंना सांगितलंस?"

"सांगितलं ना! म्हणाले, इतकी घरं चांगलं म्हणताहेत, एका पोराच्या ओकाऱ्यांवरून आपण शेगडी थांबवायची का?"

मी विचार केला. साहेबांना डॉक्टर नको होती, चमत्कार हवा होता. मग चमत्कारच दाखवायला हवा. मी गोदामातून एक नवीकोरी शेगडी काढली आणि तिच्या आतली कोळसा पेलणारी जाळी काढून घेतली. मग तेमिरलानला म्हटलं, "गुरुजी, आणखी एका घराचं मन ऐकाल का?"

"मन तर सतत बोलतच असतं, जिर्गल एजे! आपणच बहिरे," असं मला आदराने 'एजे', म्हणजे ताई, म्हणत त्याने टोपी चढवली. मन पुन्हा तेच बोललं. गरम, स्वच्छ, समाधानी.

शेगडी नेहमीच्याच रीतीने गेली. कारखान्यातले सगळ्यांत वडीलधारे आजोबा, सोबत दोन साहेब, शेगडीला लाल फीत. घरमालकाने जेवणाची चादर, दस्तरखान, अंथरली, तिच्यावर बोर्सोकच्या तळलेल्या पुऱ्यांचा ढीग ओतला, मांस वाढलं. खाणंपिणं झाल्यावर साहेबांनी विचारलं, कशी वाटली शेगडी? दुपारी मंडळी ढेकर देत परतली आणि त्यांनी तेच उत्तर सांगितलं. सभागृह पुन्हा टाळ्यांनी दणाणलं.

तेवढ्यात बुरुलने तीच शेगडी ओढत आत आणली. मंडळी त्या घरातून निघताच मी ती परत मागून घेतली होती, आणि त्या भल्या माणसांनी तेव्हाही माझे आभारच मानले होते.

"बाइके, जरा बघा हं," म्हणत बुरुलने दार उघडून कोळशाचा खडा आत टाकला. तो थेट खालच्या राखेच्या खणात ठण्णकन पडला. दुसरा टाकला, तोही पडला.

"हिच्यात जाळीच नाही," ती म्हणाली. "ही शेगडी पेटूच शकत नाही. पण गुरुजींच्या टोपीला ती गरम लागली!"

कुणीतरी फिस्सकन हसलं. तेमिरलान मात्र सावरला. "हीच तर शिकवण आहे, मित्रांनो! लवकर चुका..."

"चूक तुमची आणि ओकाऱ्या दुसऱ्याच्या पोराला?" बुरुल कडाडली. "गप्प बसा जरा!"

मेदेरबेक गोंधळले होते. "पण मग लोक आमच्याशी खोटं का बोलले?"

"खोटं नाही, बाइके," बुरुल म्हणाली, "ते पाहुणचार करत होते. तुम्ही भेटवस्तू घेऊन गेलात, म्हाताऱ्या माणसाला पुढे केलंत, त्यांचं अन्न खाल्लंत आणि मग विचारलंत, कशी आहे? आपल्यात कोण म्हणेल वाईट आहे म्हणून? तुम्ही म्हणाल? उत्तर काय येणार हे सांगायला टोपी कशाला लागते? आणि विचारलंत कुणाला? सासऱ्यांना! शेगडी पेटवते सून. ती चहा ओतत खाली मान घालून उभी होती."

"मग त्या सुनेलाच विचारतो," मेदेरबेक म्हणाले.

बुरुलबरोबर दवाखान्यातून आलेली गुलझात दाराशीच उभी होती, पोराला खांद्यावर घेऊन. पोरगं आता जागं होतं, पण मान धरत नव्हतं. मेदेरबेक तिच्यापुढे जाऊन थांबले आणि शक्य तितक्या मऊ आवाजात म्हणाले, "पोरी, खरं सांग. शेगडी कशी आहे?"

तिने एकदा पोराकडे पाहिलं. मग नजर जमिनीकडे वळवली.

"चांगली आहे, बाइके. गरम आहे."

मला रडू आलं, लपवत नाही. मेदेरबेक यांनी पोराची कलंडलेली मान तिच्या खांद्यावर नीट टेकवली. मग त्यांनी ट्रकची किल्ली मागून घेतली आणि म्हणाले, "चला, सगळ्या शेगड्या परत आणायच्या. आत्ता. कुणालाही काही विचारत बसायचं नाही." अंधार पडायच्या आत शेवटची शेगडी विझली होती.

तेमिरलान सध्या शेजारच्या शहरात एका बिस्किटवाल्याचं मन ऐकतोय म्हणे. टोपीत मन नसतं, हे मी सांगायला नको. पण लोकांनी चांगलं म्हटलं म्हणजे वस्तू चांगली, ही समजूतही अंधश्रद्धाच आहे, आणि तिला पांढऱ्या बुटांचा गुरूही लागत नाही. तुमच्या तोंडावर कौतुक झालं की एवढं तपासा: समोरच्याला 'नाही' म्हणायची सोय होती का? नसेल, तर ते उत्तर धरू नका. स्वतः उठा, शेगडी पेटवा आणि त्या खोलीत बसून बघा.