बियांचं तेल

कोंडीरामने ड्रॉपर खिडकीकडे धरून बघितला आणि चिमाबाईच्या जिभेखाली हिरवट तेलाचे थेंब सोडले.

"तोंड मीट. लगेच गिळू नको."

तिने मान हलवली. ओठ मिटलेले, पण डोळे हसत होते. थोड्या वेळाने गिळून ती म्हणाली, "पेंडीसारखं लागतंय. म्हशीला बी आवडंल."

"म्हशीला परवडायचं नाही. दुखतंय का?"

"न्हाई हो. तुमची शप्पथ. मांडीत निखारा ठेवल्यागत व्हायचं, ते पार गेलं."

कोंडीरामने बाटलीचं टोपण घट्ट लावलं. खाली चिखलीतल्या कुठल्याशा कारखान्याच्या शेडमध्ये पत्रा ठोकणारी प्रेस सुरू झाली. दर ठोक्याला फळीवरचा पेला बारीक थरथरत होता.

चिमाबाईच्या छातीतली कॅन्सरची गाठ काढली होती, पण दुखणं पुढे पाठीच्या मणक्यात निघालं. तिथून कळ मांड्यांत उतरायची आणि ती उशी चावून पडून राहायची. गोळ्यांनी उलट्या होत. शेवटी त्यांची मुलगी आम्रपाली त्यांना पिंपळे सौदागरला एका वैद्यबाईंकडे घेऊन गेली. त्यांनी विजयाचं तेल लिहून दिलं. विजया म्हणजे काय ते कोंडीरामने औषधाच्या दुकानात विचारलं, गांजा हे उत्तर ऐकलं आणि तो तसाच पायरी उतरला. महाळुंग्याच्या कंपनीत गांजा ओढून मशीनवर आलेल्या माणसाचा पंजा प्रेसखाली गेलेला त्याने डोळ्यांनी पाहिला होता. ते चिमाच्या तोंडात घालायचं? शिवाय दुकानात दाखवलेल्या बाटलीवर औषध तीन टक्के लिहिलेलं होतं. कोंडीरामचा जन्म लेथ मशीनवर गेला होता. टूल थंड ठेवणाऱ्या कूलंटमध्ये पाणी जास्त पडलं की टूल जळतं, हे त्याला कुणी सांगावं लागत नव्हतं. तीन टक्के म्हणजे बाकीचं पाणीच.

पलीकडच्या रस्त्यावर सुकामेव्याच्या दुकानात दुसरी बाटली मिळाली. लेबलावर पानाचं चित्र तेच, पण नाव हेंप. "काका, हा गांजा नाही, नशा होत नाही," दुकानदार म्हणाला. वर ठळक छापलेलं, शंभर टक्के शुद्ध. त्याने ती घेतली. आम्रपालीला सांगितलं नाही. गुण आला की सांगू, असं त्याने ठरवलं होतं.

आणि गुण आला होता.

आज पुन्हा वैद्यबाईंकडे जायचं होतं. पाय लटपटतात, जिना नको, म्हणून चिमाबाई घरीच राहिली. शेजारच्या शालनबाई तिच्याजवळ बसल्या. कोंडीरामने स्वच्छ शर्ट घातला, बाटली खिशात टाकली आणि आम्रपालीच्या स्कूटरवर मागे बसला.

"आज एकदम खुशीत, पप्पा?"

"चल तर खरी."

वैद्यबाईंच्या टेबलावर त्याने बाटली ठेवली ती बक्षिसासारखी. "मॅडम, रागावू नका. तुमचं तेल घेतलंच नाही मी. हे दिलं. बिनगांजाचं."

बाईंनी बाटली फिरवून मागचा बारीक मजकूर वाचला. "आजोबा, हे बियांचं तेल आहे. भाजीवर, कोशिंबिरीवर घालतात. वाईट नाही. पण दुखणं थांबवणारं औषध यात नाही."

"शंभर टक्के लिहिलंय की."

"शंभर टक्के तेल आहे, बरोबर. औषध बियांत नसतं, पानाफुलांत असतं. मी दिलेल्यात ते तीन टक्के होतं, आणि तेवढं मोजूनच दिलं होतं."

"पण ते गांजाचं."

"झाड एकच. ज्यात नशेचा भाग नावापुरता असतो त्याला हेंप म्हणतात, ज्यात जास्त असतो त्याला गांजा. म्हणून नावावर जायचं नाही. कशातून काढलंय, औषध किती, नशेचं किती, ते बघून घ्यायचं. न कळलं तर विचारायचं."

आम्रपाली वडिलांकडे बघत होती. "म्हणजे इतके दिवस आईला तुम्ही कोशिंबिरीचं तेल पाजताय?"

"आमू, ऐक—"

"मी रोज फोनवर विचारत होते, पप्पा. रोज."

"अगं, पण तिचं दुखणं गेलं!" तो जवळजवळ ओरडलाच. "विचार तिला. मांडीतला निखारा विझला म्हणाली. मग कशाने गेलं?"

वैद्यबाईंनी हातातलं पेन खाली ठेवलं.

"पायांतलं दुखणं गेलं?"

"पार गेलं."

"चालतात त्या?"

"भिंतीला धरून. चार दिवस झाले, तेही नको म्हणते. अशक्तपणा आहे."

"पायाला हात लावलेला कळतो का त्यांना?"

कोंडीरामला हे माहीत नव्हतं.

"लगेच घरी जा," बाई हळू आवाजात म्हणाल्या. "डोळे मिटायला सांगून बोटांना हात लावा. कळत नसेल तर मणक्यात नस दबून पाय बधिर झाले असतील, म्हणून दुखणंही कळत नसेल. मग एक तासही घरी थांबू नका, थेट मोठ्या दवाखान्यात न्या. मी फोन करून ठेवते. कळलं तरी आज न्याच."

परतताना सिग्नलला आम्रपाली म्हणाली, "पप्पा, आई खोटं बोलत असेल. तुमचं मन राखायला. तुम्ही एवढ्या हौसेनं आणलंत म्हणून."

तिचा आवाज रडवेला होता, पण कोंडीरामने ते वाक्य धरून ठेवलं. चिमा तशीच होती. खारट आमटीला कधी खारट म्हणाली नव्हती. ट्रक धूर सोडत पुढे सरकत होते आणि तो मनात एकच घोकत होता: दुखू दे. पहिल्यासारखं दुखू दे तिला. आपण काय मागतोय हे त्याला कळत होतं. तरी तो मागतच राहिला.

आम्रपाली गाडी बोलवायला खालीच थांबली. तो जिना चढून आला. शालनबाईंनी त्याचा चेहरा बघितला आणि काही न विचारता त्या बाहेर गेल्या.

"काय म्हणल्या बाई?" चिमाबाईने विचारलं.

"चिमा, खरं सांग. दुखतंय ना? मी रागावणार नाही."

"आता दुखत न्हाई त्याचा बी राग यायला लागला व्हय?"

"तसं नाही. डोळे मीट जरा. तपासायचं सांगितलंय."

"म्हातारपणी आंधळी कोशिंबीर," ती हसली आणि तिने डोळे मिटले.

तो पलंगाच्या पायथ्याशी बसला. चादर वर सारून त्याने तिचा डावा अंगठा चिमटीत धरला. पाय गार होता.

"कळतंय?"

"कळतंय की."

"कुठला पाय?"

ती थांबली. "डावा."

त्याच्या छातीतून श्वास सुटला. आम्रपालीला हाक मारावी म्हणून त्याने मान वळवलीही. मग तो परत फिरला. त्याने डावा पाय सोडला नाही. अंगठ्याच्या मांसात नख रुतवलं.

"आता?"

"आता... उजवा."

तिचा चेहरा शांत होता. फक्त मान त्याच्या दिशेने किंचित वळली होती. तो कुठे सरकतो, श्वास कसा घेतो, ते ती कान देऊन ऐकत होती.

खाली गाडीचा हॉर्न वाजला. आम्रपाली कुणाला तरी दार उघडायला सांगत होती.

"आता, चिमा?" त्याने विचारलं.

"आता दोन्ही," ती म्हणाली. "किती जोरात दाबताय हो. सगळं कळतंय मला."

कोंडीरामचे दोन्ही हात त्याच्या स्वतःच्या मांडीवर होते.